अतिसंवाहकता : एका शोधाचा इतिहास आणि त्यातील मुंबईचा वाटा

गोंदियाहून तिरोड्याकडे जाऊ लागले म्हणजे धानाच्या बांध्यांपलीकडे वीजकेंद्राची उंच धुराडी दृष्टीस पडतात. इ. स. २०१२ ते २०१४ या काळात येथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच चालू झाले आणि केंद्राची एकंदर शक्ती ३३०० मेगावॉट झाली. येथे निर्माण होणारी वीज कोराडी, अकोला असे टप्पे घेत ७ लक्ष ६५ हजार व्होल्टच्या दाबाने पश्चिमेकडे जाते. एवढा प्रचंड दाब कशासाठी, असा प्रश्न आमचे विद्यार्थी दरवर्षी विचारतात, आणि त्याचे उत्तरही ठरलेले आहे. धातूची तार कितीही चांगली असली तरी ती प्रवाहाला थोडाबहुत रोध करतेच. त्या रोधामुळे तार तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दहापट केला तर तेवढीच शक्ती वाहून नेण्यास एक दशांश प्रवाह पुरतो व उष्णतेच्या रूपाने होणारा नाश एक शतांशावर येतो. तथापि शतांश म्हणजे शून्य नव्हे. जाळलेल्या कोळशाचा काही हिस्सा केवळ वाटेवरच्या तारा तापविण्यात खर्च होतो, आणि ही हानी वाऱ्यावर जाते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने याच्यापुढचा प्रश्न विचारला : "सर, तारेचा रोध अजिबात नाहीसा करता येणार नाही का?" या प्रश्नाला निसर्गाने इ. स. १९११ सालीच होकार दिलेला आहे. काही पदार्थ पुरेसे थंड केले असता त्यांचा विद्युत्‌रोध कमी कमी होत न जाता एका ठराविक उष्णतामानाला एकदम लोप पावतो. या गुणधर्मास अतिसंवाहकता असे नाव आहे. तिचा इतिहास वाचीत असता एका गोष्टीने आमचे मन वारंवार वेधून घेतले. शोधाच्या क्षणी निसर्ग बहुधा मोठ्याने बोलत नाही. उपकरणातला दोष किंवा नमुन्यातली भेसळ म्हणून सहज झटकून टाकता येईल अशी एखादी बारीकशी खूण तो दाखवितो. ती कोणी उचलली, कोणी वगळली, आणि उचलल्यावर तिची परीक्षा कशी केली, यावरच पुढचे सारे अवलंबून राहिले आहे. या परीक्षेचा एक उत्तम नमुना आपल्या मुंबईत घडला, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थंडीचा विचार करू. धातूत विद्युत्प्रवाह वाहतो तो मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या द्वारे. धातूचे अणू आपापल्या जागी उष्णतेने थरथरत असतात आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळा आणतात; हाच रोध होय. धातू थंड केला की ही थरथर मंदावते व रोध उतरतो. परंतु उष्णतामान निरपेक्ष शून्याजवळ, म्हणजे शून्याखाली २७३ अंश सेल्सियसच्या आसपास, नेले तर काय होईल याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकवाक्यता नव्हती. लॉर्ड केल्व्हिन यांच्या मते इलेक्ट्रॉनच गोठून जातील व रोध अनंत होईल. दुसऱ्यांना वाटे की तो हळूहळू शून्याकडे जाईल. आणखी काहींचे म्हणणे असे की धातूतील अशुद्धीमुळे काही रोध शिल्लक राहीलच. हा वाद तर्काने मिटण्यासारखा नव्हता. त्यासाठी तेवढी थंडी निर्माण करणे भाग होते, आणि तिचे एकमेव साधन होते हेलियम वायू.

या हेलियमशी महाराष्ट्राचा संबंध सांगणारी एक आख्यायिका कोकणात प्रचलित आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे ती सांगते, आणि त्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी हेलियम दिनही साजरा होतो. इतिहासाच्या कसोटीला मात्र ही हकीकत उतरत नाही. त्या ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांचे वर्णपट पाहणारे फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन हे गुंटूर येथे होते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ग्रहणावाचूनच सौर ज्वाळांचा वर्णपट पाहण्यात त्यांना यश आले. त्यातील एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून या अज्ञात द्रव्यास हेलियम हे नाव पडले. लॉकियर विजयदुर्गास आले हे खरे, पण ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणांची लोकस्मृतीत सरमिसळ झाली असावी. ही दुरुस्ती सांगताना विजयदुर्गाचा मान कमी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु पिवळी रेषा जुळत नाही हे ज्यांनी नोंदले त्यांच्या काटेकोरपणाचे स्मरण करावयाचे, तर आपणही तारखांच्या बाबतीत तितकेच काटेकोर असणे उचित होय. पुढे इ. स. १८९५ साली रॅम्से यांना हाच वायू पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला.

हेलियम द्रवरूप करण्याची शर्यत हॉलंडातील लायडेन येथील प्राध्यापक कामर्लिंग ओनेस यांनी जिंकली. १० जुलै १९०८ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत द्रव हेलियम प्रथम दिसले. हा द्रव नेहमीच्या दाबाखाली ४.२ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसला उकळतो. आता रोधाच्या वादाचा निकाल लावणे शक्य झाले. ओनेस यांनी प्रथम प्लॅटिनम व सोने घेतले. पण त्यांतील अशुद्धीचा उपद्रव टाळण्यासाठी ते पाऱ्याकडे वळले, कारण पारा पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून अत्यंत शुद्ध करता येतो.

८ एप्रिल १९११ रोजी हा प्रयोग झाला. थंडीच्या यंत्रणेवर फ्लिम होते, उष्णतामान मोजण्याचे काम डॉर्समन यांच्याकडे होते, आणि दूरच्या खोलीत गॅल्व्हनोमीटरपाशी होल्स्ट बसले होते. सुमारे ३ केल्व्हिनला पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य झाल्याचे आढळले. पुढील महिन्यांत प्रयोग पुन्हा करून पाहता असे दिसले की हा रोध क्रमाक्रमाने उतरत नाही, ४.२ केल्व्हिनच्या आसपास तो एकदम कोसळतो. असा कोसळणारा रोध पाहून प्रथम शंका यावी ती तारा कोठे एकमेकींस चिकटल्याची. ओनेस यांची थोरवी अशी की शंका फिटेपर्यंत त्यांनी प्रयोग सोडला नाही. एक पोरगा डुलकी घेत असता दाब चढला व त्यामुळे हा शोध लागला, अशी एक गंमतीदार गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सांगतात. लायडेनच्या नोंदवह्यांत तिला आधार मिळत नाही.

या कथेतील दोन उपकथा आम्हांस अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, ज्या शुद्धतेसाठी एवढा खटाटोप केला तिची या चमत्कारास गरजच नव्हती. पाऱ्यात सोने किंवा कॅडमियम मिसळले तरीही त्याचा रोध लोपतो, असे ओनेस यांनाच पुढे दिसून आले. दुसरी याहून विलक्षण आहे. त्याच ८ एप्रिलच्या नोंदीत असे लिहिलेले आहे की, द्रव हेलियम आणखी थंड करीत असता त्याचे उकळणे एकाएकी थांबले. आज आपण जाणतो की तो क्षण हेलियम अतिप्रवाही होण्याचा, म्हणजे अंतर्गत घर्षणावाचून वाहू लागण्याचा होता. एकाच दिवशी, एकाच पात्रात निसर्गाने दोन खुणा दाखविल्या. एक उचलली गेली व तिच्यासह इतर कार्याबद्दल ओनेस यांस १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले; दुसरी वहीत नोंदली गेली, पण तिचा अर्थ कळण्यास १९३७-३८ साल उजाडावे लागले. तथापि ती खोडली गेली नाही, म्हणून तर आज आपण ती वाचू शकतो.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. शिसे ७.२ केल्व्हिनला व कथील ३.७ केल्व्हिनला अतिसंवाहक होते असे १९१२ साली दिसून आले. उलटपक्षी तांबे, चांदी व सोने हे नित्याच्या व्यवहारातील सर्वांत चांगले संवाहक मात्र अतिसंवाहक होत नाहीत. १९३३ साली माइसनर व ओक्सेनफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखविले की असा पदार्थ आपल्या पोटातील चुंबकीय क्षेत्रही बाहेर घालवितो. त्याच्यावर चुंबक अधांतरी तरंगतो तो याच कारणाने. या गुणधर्माला तीन मर्यादा आहेत : उष्णतामान, चुंबकीय क्षेत्र व प्रवाह. तिन्हींपैकी कोणतीही ओलांडली की तो नाहीसा होतो.

हे का घडते याचे समाधानकारक उत्तर १९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी दिले. एक इलेक्ट्रॉन अणूंच्या जाळीतून जाताना भोवतालचे अणू किंचित जवळ ओढतो, त्या ओढीने दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्याकडे खेचला जातो आणि दोघांची जोडी बनते. या सर्व जोड्या मिळून एकाच लयीत चालतात. बाजारच्या गर्दीत एकटा माणूस पावलोपावली अडखळतो. परंतु टाळाच्या ठेक्यावर चाललेल्या दिंडीतील वारकरी एकेकटा बाजूस ढकलला जात नाही, तसेच काहीसे हे आहे. उष्णता वाढली म्हणजे जोड्या मोडतात आणि पुन्हा अडखळणे सुरू होते.

इकडे अधिक उष्णतामानाच्या अतिसंवाहकांचा शोध चालूच होता. निओबियम व कथील यांचे संयुग १८ केल्व्हिनपर्यंत, निओबियम व जर्मेनियमचे २३ केल्व्हिनपर्यंत, एवढी मजल १९७३ पर्यंत गाठली गेली. त्यानंतर तेरा वर्षे प्रगती खुंटली. १९८६ साली झुरिचजवळील प्रयोगशाळेत बेडनॉर्झ व म्युलर यांनी लँथॅनम, बेरियम, तांबे व प्राणवायू यांच्या मातीच्या भांड्यांशी नाते सांगणाऱ्या एका ठिसूळ पदार्थात ३५ केल्व्हिनच्या आसपास ही खूण पाहिली. तशा जातीचा पदार्थ फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञांनी आधीच तयार केलेला होता. मात्र तो पुरेसा थंड करून पाहिलेला नव्हता. १९८७ साली यिट्रियमच्या तशाच पदार्थाने ९३ केल्व्हिन गाठले. त्यामुळे महाग हेलियमऐवजी ७७ केल्व्हिनला उकळणारा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरेल अशी स्थिती आली.

या धामधुमीत सारे जग ताम्रयुक्त पदार्थांमागे लागले असता मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही मंडळी निराळेच काम करीत होती. आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार, झाकिर होसेन आदी संशोधक यिट्रियमसारखे धातू, निकेल व बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास करीत होते. पवईच्या तंत्रविद्या संस्थेतील बी. डी. पडालिया यांचाही त्यांत सहभाग होता. एक भाग यिट्रियम, चार भाग निकेल व एक भाग बोरॉन अशा संयुगाचा नमुना थंड केला असता १२ केल्व्हिनजवळ अतिसंवाहकतेची क्षीण खूण दिसली. ती इतकी क्षीण होती की नमुन्याचा अल्पसा अंशच अतिसंवाहक होत असला पाहिजे. त्यातून निकेल हा चुंबकीय धातू. चुंबकत्व व अतिसंवाहकता यांचे हाडवैर, असे तोवरच्या अनुभवावरून मानले जाई. एखाद्याने 'नमुना हिणकस निघाला' असे म्हणून दुसरा नमुना घडविला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता.

या मंडळींनी १९९३ साली ती खूण प्रसिद्ध केली, आणि तेवढ्यावर न थांबता हा अल्पसा अंश कशाचा आहे याचा माग काढला. तेव्हा असे आढळले की नमुन्यात नकळत शिरलेला थोडासा कार्बन हे या खुणेचे मूळ आहे. मग त्यांनी तोच कार्बन हेतुतः मिसळून पाहिला, आणि क्षीण खुणेच्या जागी सबंध नमुन्याची अतिसंवाहकता प्रकट झाली. जानेवारी १९९४ मध्ये हे संशोधन जगापुढे आले. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या कावा प्रभृतींनी या कुळातील पदार्थांची नेमकी घटना निश्चित केली. त्यांत ल्युटेशियमच्या संयुगाने १६ केल्व्हिनच्या वर मजल मारली, आणि निकेलच्या जागी पॅलॅडियम घातलेल्या नमुन्यात २३ केल्व्हिन दिसले. म्हणजे १९७३ च्या जुन्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. विक्रमापेक्षाही महत्त्वाचे हे की, या कुळातील एर्बियम, होल्मियम इत्यादींच्या संयुगांत चुंबकत्व व अतिसंवाहकता एकाच घरात नांदतात. त्यामुळे दोहोंचे वैर कसे चालते व कोठे थांबते हे अभ्यासण्यास जगभरच्या संशोधकांना एक नवे क्षेत्र लाभले.

त्याच संस्थेत दुसरी घटना घडली ती बावीस वर्षांनी. बिस्मथ हा धातू मोठा विचित्र आहे. नेहमीच्या धातूंत अणुगणिक साधारण एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो, तर बिस्मथमध्ये सुमारे एक लक्ष अणूंमागे एक. इतक्या विरळ वस्तीत जोड्या कशा जमणार? त्यामुळे शुद्ध बिस्मथ स्फटिक नेहमीच्या दाबाखाली अतिसंवाहक होईल ही आशा बहुतेकांनी सोडली होती. एस. रामकृष्णन, ओम प्रकाश, अनिल कुमार व ए. तमिळवेल यांनी ती सोडली नाही. त्यांनी तो स्फटिक एका केल्व्हिनच्या सहस्रांशाहूनही खाली नेला, आणि ०.५३ सहस्रांश केल्व्हिनला तो अतिसंवाहक झाल्याचे डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ही अवस्था इतकी नाजूक आहे की सुमारे ५ मायक्रोटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रानेही ती मोडते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र याच्या कित्येक पट असल्यामुळे ते अडवून ठेवल्यावाचून प्रयोग करणेच अशक्य होते. १९५७ ची उपपत्ती तिच्या रूढ स्वरूपात येथे अपुरी पडते. बोरॉन-कार्बनच्या पदार्थात भेसळीने वाट दाखविली; येथे पराकाष्ठेच्या शुद्धतेने ती दाखविली. यावरून शुद्धता किंवा भेसळ यांपैकी एकच गुरू मानण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट होते.

येथे कोणी म्हणेल की, बारीक खुणेचा एवढा गौरव केल्यास प्रत्येक वेडीवाकडी नोंद शोध ठरेल. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे प्रत्यंतर अलीकडेच आले. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी शिसे, तांबे, फॉस्फरस व प्राणवायू यांचा एक पदार्थ उकळत्या पाण्याहून अधिक उष्णतामानालाही अतिसंवाहक असतो असे जाहीर केले. आठवड्याच्या आत आमचे विद्यार्थी त्याची चलच्चित्रे भ्रमणध्वनीवर घेऊन आले. जगभर, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही, तो पदार्थ घडवून तपासण्यात आला व अतिसंवाहकता कोठेही आढळली नाही. सुमारे १०४ अंश सेल्सियसला रोध एकदम उतरत होता हे खरे. पण ती करामत नमुन्यात राहून गेलेल्या ताम्र-गंधक संयुगाची होती, कारण त्याच उष्णतामानाला त्या संयुगाची अंतर्रचना बदलते. ती भेसळ काढून टाकलेला स्फटिक तर चक्क विद्युत्‌रोधक निघाला.

मुंबईत आणि कोरियात, दोन्हीकडे खूण भेसळीनेच दाखविली होती. फरक पडला तो पुढच्या पावलात. मुंबईकरांनी भेसळीचे नाव-गाव शोधून ती वाढविली आणि खूण वाढते की नाही हे पाहिले. कोरियातील मंडळींनी भेसळीची चौकशी होण्यापूर्वीच डंका वाजविला. खूण वगळणारा व खुणेवर भाळणारा, दोघेही एकच चूक करतात : ते तपासणीचा कंटाळा करतात.

आता तिरोड्याच्या तारांकडे परत येऊ. तेथे अतिसंवाहक तारा का लावीत नाहीत? १९६० नंतर निओबियम-टायटॅनियमच्या तारा प्रचारात आल्या, आणि आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांतून चुंबकीय अनुनादाने शरीराचे चित्र घेणाऱ्या यंत्रांत बहुशः त्याच असतात. पण त्या द्रव हेलियमच्या थंडीत ठेवाव्या लागतात. नायट्रोजनवर चालणारी सुमारे एक किलोमीटर लांबीची अतिसंवाहक वीजवाहिनी जर्मनीतील एसेन शहरात २०१४ साली घालण्यात आली व तिने काही वर्षे प्रत्यक्ष शहराला वीज पुरविली. परंतु शेकडो किलोमीटरच्या उघड्या मार्गावर हे थंडीचे आवरण अहोरात्र राखावयाचे, तर त्याचा खर्च वाचलेल्या विजेस गिळून टाकील. अतिप्रचंड दाबाखाली हायड्रोजनयुक्त पदार्थांनी २५० केल्व्हिनपर्यंत मजल मारली आहे, मात्र तो दाब पृथ्वीच्या पोटातला. तो तारेच्या खांबावर आणता येत नाही. म्हणून उत्तर तूर्त असे की, रोध नाहीसा करता येतो, परंतु गोंदियाच्या उन्हात नाही.

शेवटी एक कबुली देणे प्राप्त आहे. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी प्रयोगशाळेत तापवलेल्या तारेचा रोध मोजीत असता त्याच्या आलेखातील एक बिंदू सरळ रेषेबाहेर गेला होता. आम्ही तांबड्या शाईने तो खोडला आणि नोंद पुन्हा घेण्यास सांगितले. त्यानेही मुकाट्याने रेषेवर बसेल असा आकडा लिहिला. बहुधा एखादा पेच ढिला असावा. पण हे 'बहुधा' आमचे होते. तो पेच तपासून पाहण्याचा त्या मुलाचा हक्क आम्ही त्याच्या हातून काढून घेतला, आणि आता तो आकडा काय होता हे कळण्यास मार्ग उरला नाही. धान पाखडणाऱ्या या जिल्ह्यात प्रत्येक घरची बाई सूप रिते करण्यापूर्वी कोंड्यावर एकदा नजर टाकते, कारण त्यात दाणा राहिलेला असू शकतो. इतकी साधी रीत आम्ही वर्गात पाळली नाही.

हल्ली आमच्या प्रयोगशाळेत नियम असा आहे की, घेतलेली नोंद खोडावयाची नाही. ती चुकीची वाटली तर तिच्या शेजारी शंका लिहावयाची, कारण शोधावयाचे, आणि मगच पुढे जावयाचे. यातून एखादा शोध लागेलच असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक वेळा ढिला पेचच सापडतो. तथापि तो पेच विद्यार्थ्याने स्वतः शोधलेला असतो, आणि लायडेन व कुलाबा येथे जे घडले त्याचा आरंभ यापेक्षा निराळ्या रीतीने झालेला नाही.